पडद्यावरची शेती : चार खेळ आणि एका शेतकऱ्याचे रोखठोक मत



शेतीला आपल्याकडे कोणी आई म्हणतो, कोणी पावसाचा जुगार म्हणतो. पण शेती हा करमणुकीचा खेळ आहे असे कोणी पारावर बसून म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. आज मात्र जगभर कोट्यवधी माणसे शेतीचा खेळ खेळत आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी विळा हातात धरला नाही अशी शहरातली माणसे कचेरीतून घरी आल्यावर पडद्यावर पेरणी करतात, गाईंच्या धारा काढतात, कोंबड्यांना दाणे टाकतात. आणि गंमत अशी, की आपल्या घरची पोरेही ओसरीवर बसून तेच करतात. दाराबाहेर खरे रान, हातात खोटे रान!

अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे दोन प्रकारची असतात. एक मोबाईल हिसकावून घेतो, दुसरा तिकडे बघतच नाही. पण पोर नेमके काय खेळते आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. आपण बियाण्याची पिशवी घेताना लेबल वाचतो, उगवणशक्ती किती ते विचारतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो. मग जी वस्तू आपल्या मुलांचे रोजचे एक-दोन तास खाते, तिचे दात नकोत का पाहायला?

म्हणून गेल्या खरिपाच्या सुरुवातीपासून मी स्वतःच खेळायला बसलो. मी निफाड तालुक्यातला पाच एकरांचा शेतकरी. कांदा, सोयाबीन, थोडा गहू, दोन गाई. पुतण्या शिकवणारा आणि मी शिकणारा. रात्रीची जेवणे झाली की तासभर, कधी मोबाईलवर तर कधी त्याच्या संगणकावर, असे चार खेळ मी खेळून पाहिले. प्रत्येकाला मी चारच प्रश्न विचारले. हा खेळ शेतीचे काम खरे दाखवतो का? पाऊसपाणी खरे दाखवतो का? माल विकण्याची गोष्ट खरी सांगतो का? आणि शेवटचा, आपल्या घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : हा खेळ आपल्याकडून काय काढून घेतो? मत माझे एकट्याचे आहे. पण ते भीडभाड न ठेवता सांगतो.

हा प्रकार आला कोठून?

शेतीच्या खेळाचे मूळ जपानात आहे. यासुहिरो वाडा नावाचा गृहस्थ खेड्यात वाढला, नोकरीसाठी टोकियोला गेला आणि तेथे त्याला गावाची आठवण छळू लागली. त्या काळचे खेळ म्हणजे मारामाऱ्या आणि शर्यती. याने वेगळा खेळ काढला. आजोबांचे पडीक शेत नातवाने कसायचे, गुरे पाळायची, गावात लग्न करून संसार थाटायचा. हा खेळ १९९६ साली आला. इंग्रजीत त्याला ‘हार्वेस्ट मून’ असे नाव पडले. पुढचे बहुतेक खेळ त्याच्याच वाटेने गेले.

२००९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील झिंगा कंपनीचा ‘फार्मव्हिल’ फेसबुकवर आला आणि शहरी नोकरदार कामाच्या वेळात स्ट्रॉबेरी काढू लागले. ठरलेल्या वेळेत माघारी आले नाही तर पीक वाळून जाई, म्हणून माणसे गजर लावून उठत. तो खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. लोकांनी वर्षानुवर्षे जपलेली ती शेते एका रात्रीत नाहीशी झाली. पडद्यावरच्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर कधीच नसतो, हे त्या दिवशी अनेकांना समजले असेल.

हे डे : दोन मिनिटांचा गहू

पहिला खेळ ‘हे डे’. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ साली काढला. मोबाईलवर फुकट मिळतो, म्हणून लहान मुलांच्या हाती बहुधा हाच सापडतो.

चित्रे फार गोड. बोट फिरवले की पेरणी, बोट फिरवले की कापणी. गहू दोन मिनिटांत तयार, मका पाच मिनिटांत, सोयाबीन वीस मिनिटांत आणि ऊस अर्ध्या तासात! आपल्याकडे आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात आणि वर तोडणीच्या टोळीची वाट पाहावी लागते ती वेगळी. हा वेग पाहून मला हसू आले. तरी एक गोष्ट या खेळाने बरी दाखवली आहे. गाईला चारा म्हणून सोयाबीन आणि मका एकत्र करून खाद्य तयार करावे लागते, दुधापासून पुढे लोणी, चीज होते. कच्च्या मालापेक्षा पक्क्या मालाला किंमत जास्त, हे मुलांना सहज कळते.

पाऊसपाण्याचे म्हणाल तर या खेळात त्याची चिंताच नाही. पीक वाळत नाही, सडत नाही. रस्त्याच्या कडेला स्वतःची टपरी मांडून, ठराविक मर्यादेत का होईना, भाव आपणच ठरवायचा. अहो, एवढे सुख कोणत्या शेतकऱ्याला मिळाले आहे?

आता याचे दात पाहू. सुरुवातीला दोन मिनिटांत होणारी कामे पुढे पुढे तासन्‌तास लांबत जातात. मग खेळ हळूच सांगतो, थांबायचे नसेल तर हिरे खर्च करा. थोडे हिरे खेळता खेळता मिळतात. जास्त हवे असतील तर खरे पैसे मोजावे लागतात. म्हणजे आधी घाईची सवय लावायची आणि मग घाईचे दाम घ्यायचे. शिवाय या खेळाला शेवट नाही. दर थोड्या वेळाने काहीतरी पिकलेले असते आणि पोराचा जीव तिकडे ओढला जातो. माझे मत : लहान मुलांना दाखवायला चांगला, त्यांच्या हाती सोडून द्यायला वाईट. खरी शेती माणसाला सबुरी शिकवते. हा खेळ शेतीच्या नावाखाली नेमके त्याच्या उलट शिकवतो.

स्टारड्यू व्हॅली : पडीक रान आणि आजोबांचे पत्र

चारही खेळांत मला सर्वांत जास्त लळा लावला तो या खेळाने. तो २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने तो एकट्याने तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, गोष्ट त्याची, संगणकाची सारी आखणीही त्याचीच. चार वर्षांहून अधिक काळ तो त्यावर राबत होता आणि पोटापाण्यासाठी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत होता. पुढे या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकट्या माणसाची मशागत काय करू शकते याचे हे उदाहरण आहे.

गोष्ट अशी. एक मनुष्य मोठ्या कंपनीत टेबलाला खिळलेला असतो. एके दिवशी तो आजोबांनी ठेवलेले पत्र उघडतो. खेड्यातले जुने शेत त्यांनी नातवाच्या नावे केलेले असते. तेथे गेल्यावर दगड, झुडपे, ओंडके यांनी भरलेले रान, आणि हाती मिळतात फक्त पंधरा बिया, पार्स्निप नावाच्या गाजरासारख्या पांढऱ्या कंदाच्या. येथून सुरुवात.

काम खरे वाटते काय? बऱ्याच अंशी. सकाळी सहाला दिवस उजाडतो. माणसाची शक्ती मोजकी असते. कुदळ मारली की ती घटते, पाणी घातले की घटते. मध्यरात्र उलटून दोन वाजेपर्यंत झोपला नाही तर तो जागीच कोसळतो आणि खिशातले पैसेही कमी होतात. चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. ऋतू बदलला की त्या ऋतूचे पीक एका रात्रीत मरते. म्हणून पेरणीची तारीख चुकवून चालत नाही. बुजगावणे लावले नाही तर कावळे पीक खातात. गाईला रोज कुरवाळले तर ती चांगले दूध देते. हिवाळ्यासाठी गवत कापून साठवावे लागते. हे सारे आपल्या ओळखीचे आहे.

दोन गोष्टी मला विशेष भावल्या. एक म्हणजे प्रक्रियेची. भाजी नुसती विकली तर एक दर, तिचेच बरणीत लोणचे घातले तर दुपटीहून अधिक. हे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हे सांगायला एवढं मोठं यंत्र कशाला हवं? आमच्या बचत गटाला विचारलं असतं तरी कळलं असतं.” आता यावर मी काय बोलणार?

दुसरी गोष्ट गावाची. त्या गावात एक मोठ्या कंपनीचे दुकान येऊन बसलेले आहे आणि गावाची जुनी सभागृहाची इमारत मोडकळीस आलेली आहे. तुम्ही पैसे भरून कंपनीचे सभासद होऊ शकता. किंवा आपल्या शेतातील बटाटा, फ्लॉवर, शेंगा, दूध, अंडी थोडी थोडी नेऊन देत ते सभागृह पुन्हा उभे करू शकता. ज्या महाराष्ट्रात सहकाराने गावे उभी राहिली, आणि काही ठिकाणी मोडलीही, त्या महाराष्ट्रातील वाचकाला ही निवड समजावून सांगायला नको. त्या गावात शेन नावाचा एक मनुष्य आहे. त्याच कंपनीच्या दुकानात राबणारा, दारूच्या आहारी गेलेला, जगण्याला कंटाळलेला. त्याच्याजवळ बसावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते, एके रात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागते. शेतीच्या खेळात असा प्रसंग असेल असे मला वाटले नव्हते. तो आहे, आणि तो चांगल्या मनाने लिहिलेला आहे.

आता उणे. दूरचित्रवाणीवर उद्याचे हवामान सांगतात आणि ते कधी म्हणजे कधीच चुकत नाही. एखाद्या दिवशी पाणी चुकले तर पीक मरत नाही, फक्त त्याची वाढ एक दिवस थांबते. आणि विक्री? दाराशी एक पेटी आहे. संध्याकाळी माल तिच्यात टाकायचा, सकाळी पैसे जमा. भाव कायमचा ठरलेला. तुम्ही एक कंद टाका की हजार टाका, भाव पडत नाही. वाहतूक नाही, हमाली नाही, तोलाई नाही.

पैशाचे म्हणाल तर एकदाच किंमत मोजायची, पुढे खिशाला हात नाही, आणि हा खेळ इंटरनेटवाचूनही चालतो. मोबाईलवरही मिळतो. पडद्यावरचा एक पूर्ण दिवस आपल्या सुमारे चौदा मिनिटांत संपतो. ही सोयही आहे आणि मोहही. “अजून एकच दिवस” असे म्हणता म्हणता रात्रीचे अकरा कधी वाजतात ते कळत नाही. माझे मत : चौदा-पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना जरूर द्यावा, पण झोपण्यापूर्वी मात्र नको.

फार्मिंग सिम्युलेटर : यंत्रांची जत्रा

तिसरा खेळ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीचा. पहिला २००८ साली आला. नंतर काही वर्षांनी सुधारून नवा काढतात. मी खेळलो तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. याला चांगला संगणक लागतो. मोबाईलसाठी २०२३ साली आलेला लहान अवतार वेगळा आहे.

ट्रॅक्टरची आवड असलेल्या तरुणाला येथून उठवणे कठीण. खऱ्या कंपन्यांचे खरे ट्रॅक्टर, पेरणीयंत्रे, फवारणीयंत्रे, कापणीयंत्रे. कोणत्या अवजाराला किती ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, अवजार किती रुंद आहे, डिझेल किती उरले आहे हे सारे पाहावे लागते. नांगरट, कुळवणी, चुना, खत, तण, कापणी, वाहतूक असा क्रम आहे. या नव्या खेळात भात आला, पाणम्हैस आली, शेळ्याही आल्या. युरोपात या खेळाच्या सामन्यांची साखळीच २०१९ पासून भरू लागली. शेतीची कामे आणि पेंढ्याच्या गासड्या रचणे यांत चुरस लागे.

विक्रीच्या बाबतीत चौघांत हाच खेळ सत्याच्या जवळ जातो. एकाच धान्याला वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा भाव असतो. महिन्यागणिक तो वरखाली होतो. कणगीत साठवून ठेवले तर पुढे चांगले पैसे मिळतात. आपली कांदाचाळ याच विचाराने उभी असते. फरक एवढाच, की पडद्यावरच्या कणगीतले धान्य जसेच्या तसे राहते. आपल्या चाळीतला कांदा सडतो, त्याला कोंब फुटतात, वजनात घट येते. आणि भाव वाढेल म्हणून वाट पाहणाऱ्याला ती घट आतून खात असते.

मजुराचे पाहा. कळ दाबली की मजूर हजर. तासावर पैसे घेतो, पण थकत नाही, आजारी पडत नाही, त्याच्या घरी लग्नकार्य नसते. कर्जाचे पाहा. कळ दाबली की कर्ज, कळ दाबली की परतफेड. सातबारा नको, नील दाखला नको, जामीनदार नको, सोसायटीत हेलपाटे नकोत. तणाचा त्रास नको असेल तर तण बंद करण्याचीही सोय आहे! माझी निंदणी चालू असताना ही कळ मला फार आठवते.

आणखी एक उणीव मनाला लागली. रानेच्या राने एवढी मोठी, की आपला दोन एकरांचा तुकडा त्यात यंत्र वळवायलाही पुरायचा नाही. घोडा आहे, पण औताचा बैल नाही. या खेळाच्या हिशेबी लहान शेतकरी म्हणजे मोठा होण्यापूर्वीची एक पायरी. माझे मत : कृषी पदविकेला जाणाऱ्या, यंत्राची दुरुस्ती शिकणाऱ्या मुलाला उपयोगी. मात्र एक सावधगिरी हवी. पडद्यावर चार दिवसांत नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या मुलाला घरचा हप्ता किती वर्षांचा आहे तेही सांगत जा.

साकुना : भाताच्या देवतेची लाडावलेली लेक

चौथा खेळ जपानी, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेला. करणारी मंडळी मोजकीच. एका देवतेची आळशी, लाडावलेली मुलगी साकुना हिला चुकीची शिक्षा म्हणून राक्षसांच्या बेटावर धाडतात. तेथे तिला भात पिकवून जगायचे असते. निम्मा खेळ लढाईचा, निम्मा भाताचा.

लढाईचा भाग मला फारसा मानवला नाही. माझी बोटे तेवढी चपळ नाहीत आणि तेच तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारून कंटाळाही आला. पण भाताचा भाग! वाचकहो, शेतीकडे एवढ्या आदराने पाहणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. बियाणे पाण्यात टाकून हलके दाणे बाजूला काढायचे. आपल्याकडे मिठाच्या पाण्यात भाताचे बी बुडवून पोचट दाणे काढतात तेच हे. मग रोपवाटिका, चिखलणी, लावणी. पाणी किती ठेवायचे, केव्हा सोडायचे, खतात काय घालायचे, तण केव्हा काढायचे. पुढे कापणी, वाळवण, झोडणी, सडणे. भात किती सडायचा हेही आपणच ठरवायचे. या खेळासाठी जपानी लोक आपल्या कृषिमंत्रालयाची भातशेतीची माहिती वाचू लागले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

माझी धाकटी बहीण भोर तालुक्यात दिली आहे. तिच्या सासरी दरवर्षी भाताची लावणी असते. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिला हा खेळ दाखवला. साकुना वाकून एकेक रोप लावत मागे मागे सरकत होती. बहीण क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “दादा, ही खरंच लावणी करते रे. पण हिची रोपं दाट पडलीत बघ. फुटवे यायचे नाहीत.” कंबरेची कळ मात्र पडद्यावर दिसत नाही, हेही तिनेच जाता जाता सांगितले.

या खेळात विक्रीची भानगड नाही. भात चांगला आला की साकुनेची ताकद वाढते आणि रात्री सगळी मंडळी एका पंगतीला बसून तो जेवतात. बाजार दाखवलाच नाही, त्यामुळे बाजाराबद्दल खोटेही सांगितले नाही. माझे मत : शेतीच्या दृष्टीने चौघांत उत्तम. ज्या घरातील मुलांना घरचे काम हलके वाटू लागले आहे, त्यांना हा जरूर दाखवावा.

चौघांचे मिळून एक खोटे

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

एका रात्री पुतण्याने खेळता खेळता विचारले, “काका, यात जो राबतो तो पुढं जातो. तुम्ही आणि आबा तर एवढं राबता. मग आपल्याकडं पैसे का उरत नाहीत?”

पोराने वाईट हेतूने विचारले नव्हते. पण त्या प्रश्नात एक विष आहे ते ओळखा. या चारही खेळांचा कायदा एकच : मेहनत घातली की फळ ठरलेले. मग ज्याला फळ मिळाले नाही त्याने मेहनत केली नसणार! खेळ तसे बोलून दाखवत नाही. पण शेकडो तास खेळणाऱ्याच्या मनात ते आपोआप रुजते. शहरातल्या माणसाच्या मनात रुजले तर तो आपल्याला आळशी समजेल. आपल्याच मुलाच्या मनात रुजले तर तो बापाला नालायक समजेल. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे.

आणखी एक सोय ‘हे डे’ सोडून बाकीच्या तिन्ही खेळांत आहे. काही बिघडले तर आधी जतन केलेला खेळ उघडायचा. गारपीट झालीच नाही, चुकीचे बी पेरलेच नाही! खऱ्या शेतीत कालचा दिवस कोणी परत देत नाही. ती जोखीम हाच शेतीचा गाभा आहे आणि नेमकी तीच पडद्यावर गाळलेली आहे.

मी पुतण्याला रागावलो नाही. कपाटातून कांद्याच्या पट्ट्यांची गड्डी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. डिसेंबर २०२३ ची पट्टी दाखवली. त्या महिन्यात ८ तारखेपासून सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि बाजार कोसळला. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी. बंदीच्या आधीची पट्टी आणि नंतरची पट्टी शेजारी शेजारी ठेवल्या. कांदा तोच, रान तेच, हात तेच. मग त्याला कागद-पेन्सिल दिली. बियाणे, खत, मजुरी, गाडीभाडे, हमाली, तोलाई एकाखाली एक मांडायला सांगितले. त्याने बेरीज केली, वजाबाकी केली, बराच वेळ कागदाकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, “काका, हा खेळ फार अवघड आहे.”

त्या दिवसानंतर तो बाजारभाव वाचू लागला आहे. म्हणून मी म्हणतो, हे खेळ वाईट नाहीत. ते कामाची गोडी दाखवतात आणि जोखीम लपवतात. लपवलेली अर्धी बाजू घरच्या माणसांनी सांगायची असते.

जे खेळ नव्हेतच

याच्या उलट, मोबाईलवर असेही काही असते जे स्वतःला खेळ म्हणवते पण ज्यात जोखीम खरी आणि आपल्याच खिशाची असते. पैसे लावून खेळायची रमी आणि तत्सम पत्ते, सट्टा हे त्यातले. कांद्याची पट्टी खात्यावर जमा झाली आणि रात्रीत रमीत गेली, अशी घरे तुम्हीही पाहिली असतील. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशाचे ऑनलाईन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणोत की नशिबाचे, चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरी चोरवाटा उरतातच. कोणी अनोळखी दुवा पाठवून “खेळा आणि जिंका” म्हणाला तर तो उघडू नका. फसवणुकीने खात्यातले पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

घरासाठी चार नियम

आमच्या घरी आम्ही चार नियम घातले आहेत. पटले तर घ्या.

१. एकदाच किंमत घेणारा खेळ परवडला. फुकट येऊन रोज हात पसरणारा नको. मोबाईलमध्ये खरेदीपूर्वी पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती चालू करा आणि पासवर्ड मुलांना सांगू नका.

२. ज्या मोबाईलला बँकेचे खाते जोडले आहे तो मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

३. वेळ घड्याळाने ठरवा, रागाने नव्हे. आमच्याकडे जेवणानंतर एक तास. परीक्षेच्या आणि सुगीच्या दिवसांत तोही नाही. हा नियम मलाही लागू आहे. मुलींनाही तेवढाच वेळ. भांडी घासून उरला तर नव्हे.

४. नवा खेळ आला की पहिल्या दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाने मुलासोबत बसून तो पाहायचा.

आपला खेळ कोण करणार?

जाता जाता एक मनातली गोष्ट. हे चारही खेळ परदेशातले. त्यांत पोळा नाही. खेळ करणारे आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ केला. दुर्गेच्या कृपेने त्रिशूळ हाती घेऊन भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती गोष्ट जगभर खेळली गेली. मग महाराष्ट्राच्या शेतीचा खेळ का होऊ नये?

त्यात मृगाचा पाऊस पडून मग तीन आठवडे उघडीप असावी आणि दुबार पेरणी करायची की थांबायचे हे खेळणाऱ्याने ठरवावे. रात्रीच्या पाळीची वीज आली की बॅटरी घेऊन मोटारीवर जावे लागावे. लिलावात व्यापाऱ्याने भाव पुकारावा आणि माल परत न्यायचा की द्यायचा याचा निर्णय उभ्या उभ्या घ्यावा लागावा. सावड असावी : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. आणि त्यात जतन केलेला जुना दिवस उघडण्याची सोय नसावी. असा खेळ फारसा खपणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो खेळून उठलेला शहरातला मनुष्य भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना क्षणभर तरी थांबेल.

तोवर एवढे करा. या आठवड्यात एका संध्याकाळी मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसा आणि म्हणा, “दाखव बघू तुझं शेत.” त्यांनी काय पेरले ते विचारा, कशाला किती भाव आला ते विचारा, मनापासून कौतुक करा. आणि मग घरची हिशेबाची वही काढा आणि म्हणा, “आता हे आपलं शेत बघ.”